परदेश प्रवासात स्वस्त बोलण्यासाठी कोणते सिम घ्यावे? (मार्ग युरोपचा, फोन सांगलीच्या लँडलाइनवर)

कृष्णाकाठ | १४ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आणि सौ. चौदा दिवसांच्या युरोप सहलीला निघालो आहोत. पॅरिसला उतरून ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री, लिष्टेनश्टाइनच्या वाडुझवरून इन्सब्रुक आणि शेवटी व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम असा मार्ग आहे.

माझी आई ८७ वर्षांची असून सांगलीला राहते. ती मोबाइल वापरत नाही, तिच्याकडे फक्त लँडलाइन आहे. गेली अनेक वर्षे मी तिला रोज संध्याकाळी साडेसातला फोन करतो आणि ती सव्वासातपासून फोनजवळच्या खुर्चीवर येऊन बसते. हा नेम चौदा दिवस मोडू नये एवढीच माझी इच्छा आहे. नकाशा आणि फोटो पाठवणे यांसाठी थोडे इंटरनेट मिळाले तर उत्तम, पण खरी गरज बोलण्याची आहे.

माझ्यासमोर चार पर्याय आहेत. आपल्याच भारतीय क्रमांकावर रोमिंग पॅक घेणे, भारतातच विकत मिळणारे परदेशी सिम घेणे, पॅरिसला उतरल्यावर तेथील सिम घेणे, किंवा हल्ली सगळे ज्याचे नाव घेतात ते ई-सिम (प्लास्टिकचे कार्ड न घालता इंटरनेटवरून फोनमध्ये भरायचे सिम). यांपैकी काय घ्यावे? ज्यांनी हा मार्ग केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चौकस | १४ एप्रिल, रात्री ९:२२

प्रत्येक हॉटेलात फुकट वायफाय असते आणि सगळ्यांकडे व्हॉट्सॲप असते. चौदा दिवसांसाठी सिमवर पैसे कशाला घालवायचे?

कृष्णाकाठ | १४ एप्रिल, रात्री ९:३१

चौकस, लँडलाइनवर व्हॉट्सॲप चालत असते तर हा धागा काढलाच नसता. शिवाय आपल्याकडे साडेसात वाजतात तेव्हा मे महिन्यात पॅरिसला दुपारचे चार वाजलेले असतात. त्या वेळी आम्ही हॉटेलात नसून बसमध्ये किंवा कुठल्यातरी चर्चच्या रांगेत असू.

भटकंती | १४ एप्रिल, रात्री १०:०५

मी सहा वर्षे श्टुटगार्टला राहते, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांच्या सिमची व्यवस्था बघणे हे माझ्याकडे आपोआप आलेले खाते आहे.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचा अधिभार रद्द झाला. कोणत्याही एका सदस्य देशाचे सिम घेतले की इतर सदस्य देशांत ते घरच्यासारख्याच दराने चालते. २०२२ मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०३२ पर्यंत वाढवला गेला. तुमच्या मार्गावरील फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली हे सर्व देश त्यात येतात. त्यामुळे पॅरिसला एक सिम घ्या आणि थेट रोमपर्यंत तेच वापरा, असे मी एरवी म्हटले असते.

अडचण स्वित्झर्लंडची आहे. तो देश युरोपीय संघात नाही आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातही (संघ आणि त्याच्या बाजारपेठेत सामील असलेले बाहेरचे मोजके देश) नाही, म्हणून हा नियम तेथे लागू होत नाही. काही कंपन्या स्वतःहून आपल्या योजनेत स्वित्झर्लंड धरतात, काही धरत नाहीत. गंमत अशी की शेजारचे चिमुकले लिष्टेनश्टाइन आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे नियमात बसते. म्हणजे तुमच्या वाडुझच्या तासाभराच्या थांब्यात फोन स्वस्त आणि स्वित्झर्लंडच्या चार रात्रींत महाग, असे होऊ शकते. त्यातही वाडुझमध्ये ऱ्हाइनच्या पलीकडचा स्विस टॉवर पकडला गेला तर तेवढेही सुख नाही.

माझ्या मावससासूबाई कोन्स्टान्झला सरोवराकाठी बसून अर्धा तास व्हिडिओ पाहत होत्या. ते शहर जर्मनीत असले तरी स्विस सरहद्दीला इतके चिकटून आहे की मधली सीमा चालता चालता ओलांडली जाते. फोनने पलीकडचे जाळे पकडले आणि सिममधली सगळी शिल्लक तेवढ्या बैठकीत संपली. त्यामुळे सिमच्या पाकिटावर देशांची जी यादी छापलेली असते, ती विकत घेण्याआधी चष्मा लावून वाचावी आणि त्यात स्वित्झर्लंड नावाने लिहिलेले आहे ना, हे पाहावे. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘युरोप’ लिहिलेले असणे पुरेसे नाही.

देवगडहापूस | १४ एप्रिल, रात्री १०:१८

स्वित्झर्लंडमध्ये चहासुद्धा परवडत नाही, तेथे फोन स्वस्त मिळेल अशी आशा कोणी ठेवली होती?

नाशिकचा_अभियंता | १४ एप्रिल, रात्री ११:४०

भटकंती यांची माहिती बरोबर आहे, पण मूळ प्रश्नाला ती अर्धीच लागू पडते. ‘घरच्यासारखा दर’ हा नियम युरोपीय संघाच्या आत फिरताना संघातीलच क्रमांकांना केलेल्या कॉलसाठी आहे. फ्रान्सच्या सिमवरून सांगलीला केलेला कॉल हा आंतरराष्ट्रीय कॉल आहे आणि त्याचा दर कंपनी स्वतः ठरवते. एवढेच काय, स्वतःच्या देशात बसून दुसऱ्या सदस्य देशात केलेला कॉलही ‘रोमिंग’ नसतो, त्यासाठी २०१९ पासून मिनिटाला १९ सेंट अधिक कर अशी वेगळी मर्यादा घालावी लागली होती. भारतासाठी अशी कोणतीही मर्यादा नाही. सर्वसाधारण प्रीपेड सिमवरून भारताला थेट कॉल केला तर मिनिटाचा दर ऐकून फोन हातातून पडेल.

ज्यांचा ग्राहकवर्गच स्थलांतरितांचा आहे अशा लेबारा किंवा लायकामोबाइल यांच्यासारख्या कंपन्या भारतासाठीच्या मिनिटांसह पॅक विकतात आणि ते खरोखर स्वस्त असतात. मात्र अनेक योजनांत ही मिनिटे सिम ज्या देशाचे आहे त्याच देशात असताना वापरता येतात. पॅरिसमध्ये घेतलेली भारताची मिनिटे ॲमस्टरडॅममध्ये चालतीलच असे नाही. तुमची सहल एका देशाची असती तर मी डोळे झाकून हाच पर्याय सांगितला असता, पण तुमचा देश तर दर दोन-चार दिवसांनी बदलणार आहे.

भटकंती | १५ एप्रिल, सकाळी ११:०२

अभियंता, मान्य. मी घरी भारताला नेहमी इंटरनेटवरूनच बोलते, त्यामुळे तो भाग लिहिताना ध्यानात आला नाही. भारताची मिनिटे त्या त्या देशापुरती असतात हा अनुभव माझ्या भावालाही आला आहे.

हौशी_पर्यटक | १५ एप्रिल, दुपारी १:१५

आम्ही दोघे निवृत्त झाल्यापासून दरवर्षी एखादी सहल करतो आणि मी प्रत्येक वेळी भारतीय क्रमांकावरच रोमिंग पॅक घेतो. तो महाग पडतो हे मला मान्य आहे, पण विमानतळावर रांग नाही, पासपोर्टची छायाप्रत नाही आणि आपला नंबर बदलत नाही. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. आपल्या वयात ही निश्चिंतता काही रुपयांनी महाग मिळाली तरी घ्यावी, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र अनुभवातून शिकलो. अनेक पॅकांत बोलण्याची जी मिनिटे मिळतात त्यांतून आलेले कॉलही वजा होतात. आपल्याकडे येणारा कॉल फुकट असण्याची इतकी सवय झालेली आहे की हे लक्षातच येत नाही. व्हिएन्नात राजवाडा पाहताना मला एका मुलीचा फोन आला आणि तिने अतिशय गोड आवाजात मला वैयक्तिक कर्ज हवे आहे का असे विचारले. मी सौजन्याने तिला सगळे समजावून सांगितले. त्या सौजन्याची मिनिटे माझ्याच पॅकमधून गेली. तेव्हापासून परदेशात अनोळखी क्रमांक मी उचलत नाही.

दुबईकर | १५ एप्रिल, दुपारी ३:४८

वरचे बहुतेक प्रतिसाद ‘शेवटी इंटरनेटवरून बोला’ या दिशेने जात आहेत, म्हणून एक सावधगिरीची सूचना. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण कॉल लागत नाहीत. तेथे परवाना असलेली बॉटिमसारखी ठरावीक ॲपेच बोलण्यासाठी चालतात. तुमचे विमान दुबईमार्गे असेल आणि तेथे सात-आठ तासांचा थांबा असेल, तर साडेसातचा फोन त्या थांब्यात कसा करणार याचा आधी विचार करून ठेवा.

कृष्णाकाठ | १५ एप्रिल, सायंकाळी ६:२०

विमान दोहामार्गे आहे आणि थांबा पहाटेचा आहे, त्यामुळे ती चिंता नाही. तरीही धन्यवाद.

सर्व प्रतिसाद वाचल्यावर माझ्या लक्षात आले की मी प्रश्नच थोडा चुकीचा विचारला होता. कोणते सिम स्वस्त, यापेक्षा सिममधून आईच्या फोनपर्यंत कसे पोहोचायचे हा खरा प्रश्न आहे. ई-सिमबद्दल कोणी सांगेल का? मुलाने अमेरिकेतून पाठवलेला आयफोन माझ्याकडे आहे.

नाशिकचा_अभियंता | १५ एप्रिल, रात्री ८:०५

कृष्णाकाठ, तुम्ही शेवटच्या वाक्यात फार महत्त्वाची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या चौदाव्या मालिकेपासून सिमचा खाचाच नसतो, ते फक्त ई-सिमवर चालतात. तुमचा फोन त्यानंतरचा असेल तर पॅरिसच्या दुकानातले प्लास्टिकचे सिम तुमच्या काहीच उपयोगाचे नाही. दुसरे म्हणजे तो फोन तेथील कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला असेल तर तो त्या कंपनीपुरता कुलूपबंद असू शकतो. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या पानावर ‘कॅरिअर लॉक’ असे लिहिलेले असते, त्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे शब्द दिसले पाहिजेत.

प्रवाशांसाठी विकली जाणारी बहुतेक ई-सिम ही फक्त डेटाची असतात. त्यांना फोन क्रमांक नसतो, त्यामुळे त्यांवरून नेहमीचा कॉल करता येत नाही आणि कोणी तुम्हाला करूही शकत नाही. मात्र एकाच ई-सिममध्ये तीस-चाळीस देश आणि त्यांत स्वित्झर्लंडही मिळते. घरच्या वायफायवर ते आधीच फोनमध्ये भरून ठेवावे, कारण भरण्यासाठीच इंटरनेट लागते आणि विमानतळावर उतरल्यावर नेमके तेच नसते.

आता लँडलाइनचा प्रश्न. पूर्वी यासाठी स्काइपवर पैसे भरून कोणत्याही लँडलाइनला फोन करता येत असे आणि परदेशस्थ मुलांचे आईवडिलांशी बोलणे कितीतरी वर्षे त्यावरच चालले. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले. पण वायबर आउट किंवा रेबटेल अशा सेवा आहेत, त्यांत थोडे पैसे भरले की डेटावरून थेट भारतातील लँडलाइन वाजते. भारतातून निघण्यापूर्वी खाते उघडून पैसे भरून ठेवा, कारण कार्डाचा ओटीपी घरबसल्या सहज मिळतो.

हौशी_पर्यटक | १५ एप्रिल, रात्री ८:४०

म्हणजे ई-सिम वेगळे, बोलण्याचे ॲप वेगळे, त्याचे पैसे वेगळे आणि भारतीय सिम ओटीपीसाठी चालू ठेवायचे ते वेगळे. चार ठिकाणी लक्ष ठेवण्यापेक्षा माझा एक महाग पॅक बरा नाही का?

नाशिकचा_अभियंता | १५ एप्रिल, रात्री ८:५२

चौदा दिवस रोज वीस मिनिटे बोलणार असतील तर बरा नाही. रोज तीन मिनिटे खुशाली विचारणार असतील तर तुमचाच पर्याय बरा.

थेम्सकाठ | १६ एप्रिल, दुपारी २:३०

मी लंडनजवळ राहतो. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे युरोपीय सिम येथे घरच्यासारखे चालेल याची आता हमी नाही आणि येथील सिमचे तिकडेही तसेच आहे. प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असते. कृष्णाकाठ यांच्या मार्गात लंडन नाही, पण हा धागा पुढे इतरही वाचतील म्हणून लिहून ठेवतो.

ॲपवरून किंवा परदेशी सिमवरून फोन केला की समोरच्याला भलताच क्रमांक दिसतो, हीसुद्धा एक अडचण आहे. हल्ली फसवणुकीच्या कॉलमुळे भारतातील माणसे परदेशी क्रमांक उचलतच नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीने माझे तीन कॉल तोडून चौथ्या वेळी क्रमांकच अडवून टाकला आणि मग मला व्हॉट्सॲपवर ‘तुझ्या नावाने कोणीतरी फोन करत आहे’ असे कळवले. तुमच्या आईंच्या लँडलाइनला क्रमांक दाखवणारा पडदा नसेल तर हा प्रश्न उद्भवणारच नाही.

त्याचबरोबर सगळे क्रमांक आधी अधिकचे चिन्ह आणि ९१ (+९१) लावून जपून ठेवा. लँडलाइनसाठी सांगलीच्या ०२३३ मधले पहिले शून्य गाळून अधिक ९१ २३३ असे लावायचे असते. हे शून्य तसेच ठेवल्यामुळे ‘फोन लागतच नाही’ म्हणणारे पाहुणे मी दरवर्षी पाहतो.

अंगणवेल | १६ एप्रिल, सायंकाळी ५:११

यूपीआयबद्दल एक सांगते. भारतीय सिम फोनमधून काढून दुसरे घातले की काही बँकांची ॲपे पुन्हा नोंदणी मागतात आणि त्यासाठी त्याच भारतीय सिमवरून एक संदेश बाहेर जावा लागतो. परदेशातून तो संदेश पाठवायला पैसे पडतात आणि कधी कधी तो जातही नाही. शक्यतो भारतीय सिम फोनमध्ये राहू द्यावे, त्याचा डेटा रोमिंग तेवढा बंद करावा आणि दुसऱ्या जागी प्रवासाचे सिम घ्यावे. ते काढावेच लागले तर चिकटपट्टीने पासपोर्टच्या आतल्या पानाला न लावता एखाद्या डबीत ठेवावे. पासपोर्टला चिकटवलेले सिम पाहून मला एका तपासणी अधिकाऱ्याने बाजूला घेऊन अनेक प्रश्न विचारले होते.

देवगडहापूस | १६ एप्रिल, रात्री ९:००

एवढे सगळे वाचून झाल्यावर आमच्या घरची पद्धत सांगतो. माझी बहीण कतारला असताना आजीशी बोलायची तेव्हा रत्नागिरीत माझा चुलतभाऊ लँडलाइनचा स्पीकर चालू करायचा आणि शेजारी आपला मोबाइल ठेवून त्यावर बहिणीला लावायचा. परवाना असलेल्या ॲपवरून बहीण, तेथून मोबाइल, मोबाइलमधून हवा, हवेतून लँडलाइन आणि लँडलाइनवरून पलीकडच्या वाडीतली आजी. दर मिनिटाला खर्च शून्य. आजीला फक्त एवढेच वाटायचे की नातीला कायम सर्दी झालेली आहे.

चौकस | १६ एप्रिल, रात्री ९:०९

मी पहिल्याच प्रतिसादात व्हॉट्सॲप म्हटले होते याची नोंद घ्यावी. सांगलीतला कोणी भाचा-पुतण्या साडेसातला आजीकडे जाऊन बसला तर दोन फोनांचीही गरज नाही.

समुद्रपक्षी | १७ एप्रिल, सकाळी ८:२५

एक इशारा राहिला आहे. जहाजाच्या सहलीला किंवा मोठ्या फेरीबोटीवर जाणाऱ्यांनी किनारा सुटताच फोन विमान अवस्थेत टाकावा. खोल समुद्रात जहाजाचे स्वतःचे उपग्रहावरचे जाळे असते आणि ते ना कोणत्या देशाच्या पॅकमध्ये बसते, ना युरोपीय संघाच्या नियमात. भूमध्य समुद्रात मी ‘आता पाच मिनिटांत बंद करते’ म्हणत आईला सूर्यास्ताचे वर्णन सांगितले होते आणि त्या वर्णनाच्या पैशांत आम्हा दोघांचे दोन वेळचे जेवण झाले असते.

कृष्णाकाठ | १७ एप्रिल, रात्री १०:००

सर्वांचे मनापासून आभार. माझा फोन पंधराव्या मालिकेचा अमेरिकन आहे आणि त्याला खरोखरच खाचा नाही, त्यामुळे दोन पर्याय तर तेथेच गळाले. कुलूप नसल्याची खात्री केली आहे. स्वित्झर्लंड यादीत असलेले डेटा ई-सिम, लँडलाइनसाठी ॲपमध्ये थोडे पैसे आणि भारतीय क्रमांकावर सर्वांत छोटा रोमिंग पॅक असे ठरवले आहे. आल्यावर कळवतो.

कृष्णाकाठ | ६ जून, रात्री ८:३५

आलो. ठरल्याप्रमाणे हिशेब देतो.

ॲपवरून पॅरिसहून पहिल्याच दिवशी फोन लागला. आवाज स्वच्छ होता, पण शब्द पोहोचायला किंचित उशीर होत होता. तुम्हा-आम्हाला तो जाणवणारही नाही. आईला मात्र आधीच कमी ऐकू येते, त्यामुळे क्षणभर शांतता झाली की ती ‘हॅलो, हॅलो’ म्हणते, तेवढ्यात माझे वाक्य तिकडे पोहोचते आणि दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. ब्रुसेल्सला धावत्या बसमध्ये तर पाच मिनिटांत आम्ही एकमेकांना फक्त हॅलोच म्हणत होतो. ॲमस्टरडॅममध्ये मी कंटाळून भारतीय सिमवरून रोमिंगच्या मिनिटांवर साधा फोन लावला आणि बोलणे पूर्वीसारखे सरळ झाले.

मग मी क्रम बदलला. बस थांबलेली असेल आणि नेट चांगले असेल तर ॲपवरून सावकाश बोलायचे, बस चालू असेल तर रोमिंगवरून तीन-चार मिनिटे. स्वित्झर्लंडच्या चार दिवसांत ई-सिम उत्तम चालले आणि वाडुझमध्येही काही अडले नाही. चौदापैकी तेरा दिवस साडेसातचा फोन झाला. टिटलिसवर गेलो त्या दिवशी केबल कारच्या रांगेमुळे वेळ टळली, तेव्हा चौकस यांच्या सूचनेप्रमाणे पुतण्याला पाठवले. त्याने आजीला व्हिडिओवर बर्फ दाखवला आणि त्यानंतर तिने मला दोन दिवस बर्फाशिवाय दुसरे काहीही विचारले नाही.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर रोमिंग पॅक सर्वांत महाग पडला. ई-सिममधील निम्मा डेटा तसाच उरला, पुढच्या वेळी याहून लहान घेईन. ॲपमध्ये भरलेले पैसेही बरेच शिल्लक आहेत.

हौशी_पर्यटक | ६ जून, रात्री ९:१२

म्हणजे शेवटी कामाला माझाच महाग पॅक आला.

कृष्णाकाठ | ६ जून, रात्री ९:२०

हौशी_पर्यटक, आईपुरता होय. बाकी सगळ्या कामांना ई-सिमच. आणि कर्जाचा फोन मलाही आला होता, फ्लॉरेन्सला, पण तुमचा प्रतिसाद आठवून मी तो उचलला नाही.